आपापले जेवण आणि प्रभूची पंगत

(चिंतनासाठी वाचन : करिंथकरांस पहिले पत्र ११:१७-३४)



सणाच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात आपण सहभोजन करतो. प्रत्येक घराने काहीतरी करून आणायचे आणि सर्वांनी मिळून जेवायचे, अशी आपली पद्धत आहे. सहभोजन झाले की पुढच्या आठवड्यात दोन प्रकारचे बोलणे कानावर येते. एक मोठ्या आवाजात असते : "फादर, काही जण रिकाम्या हाताने येतात आणि पोटभर जेवून जातात." दुसरे अगदी हळू आवाजात असते, आणि ज्याचे दुःख असते तो स्वतः बोलत नाही, शेजारचा कोणीतरी सांगतो : "त्या बाईंनी आणलेलं भाकरीचं टोपलं तसंच्या तसं घरी गेलं. पुढच्या वेळी येत नाही म्हणतात."

ह्या दोन तक्रारींपैकी कोणती अधिक गंभीर? आपल्याला वाटते पहिली. संत पौलाला विचारले तर तो म्हणेल दुसरी.

ख्रिस्तशरीराच्या सणाला दर तीन वर्षांतून एकदा आणि पवित्र गुरुवारी दरवर्षी आपण करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायातील उतारा ऐकतो. प्रभू येशूने भाकर घेतली, उपकारस्तुती केली आणि ती मोडली, तो हा उतारा. तो तेविसाव्या ओवीपासून सुरू होतो. त्याच्या आधीच्या सहा ओव्या रविवारच्या वाचनात येत नाहीत, म्हणून त्या आपल्यापैकी अनेकांच्या कानावर पडलेल्या नसतात. पण पौलाने प्रभुभोजनाची आठवण का करून दिली, ह्याचे कारण त्या सहा ओव्यांतच आहे. करिंथ येथील ख्रिस्ती लोक सहभोजनात नीट वागत नव्हते.

ही गोष्ट इसवी सन ५५च्या सुमाराची. त्या काळी चर्चच्या इमारती नव्हत्या. ज्याचे घर मोठे, त्याच्या घरी सर्व जमत. येणारे घरून जेवण आणत आणि त्या भोजनाशी जोडूनच प्रभुभोजन साजरे होई. रविवारची सुट्टी तेव्हा नव्हतीच. ती सम्राट कॉन्स्टंटाईनने ३२१ साली दिली. त्यामुळे ज्यांच्या हाती वेळ होता ते लवकर येत, आणि दास व मजूर दिवसभराचे काम उरकून उशिरा येत. लवकर आलेले आपापले जेवण काढून बसत. कोणी पिऊन तर्र होई, आणि शेवटी आलेल्याला काहीच उरत नसे. अभ्यासक असेही सांगतात की, अशा घरांच्या जेवणाच्या खोलीत थोडीच माणसे मावत. बाकीच्यांना बाहेरच्या चौकात बसावे लागे. आत कोण आणि बाहेर कोण, हे सांगायची गरज नाही.

ह्यावर पौल काय म्हणतो? तुम्ही जे खाता ते प्रभूचे भोजन नव्हेच, असे तो स्पष्ट सांगतो. प्रत्येक जण आपले स्वतःचे जेवण जेवतो आहे. आणि ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता काय, असे तो विचारतो. रिकाम्या हाताने आलेल्यांना पौल एका शब्दानेही बोलत नाही. त्याचा सगळा राग भरल्या हाताने आलेल्यांवर आहे.

आपल्याला हे समजायला लांब जायला नको. नांदेड, हिंगोली आणि हदगाव ह्या तिन्ही वाटा आपल्या फाट्यावर मिळतात. गाड्या थांबतात, प्रवासी उतरतात, गरम खिचडी-भजी मागवतात. एकाच हॉटेलात, खुर्चीला खुर्ची लावून पन्नास माणसे जेवतात. पण प्रत्येकाची प्लेट वेगळी आणि प्रत्येकाचे बिल वेगळे. ज्याच्या खिशात पैसे नाहीत तो बाहेर उभा राहतो. त्यात हॉटेलवाल्याचा दोष नाही, हॉटेल असेच चालते. पण चर्चच्या आवारातही आपण तसेच बसलो, आपला डबा आपल्या माणसांत उघडला, शेजारणीचे मटण घेतले आणि पलीकडचे पिठले झाकलेलेच ठेवले, तर पौलाच्या हिशेबाने आपण हॉटेलातच जेवलो. पंगत प्रभूची झाली नाही.

बंधुभगिनींनो, ताटावरून माणूस कसा दुखावतो, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. आपल्या आजोबा-पणजोबांनी गावजेवणात वेगळी पंगत पाहिली आहे. सर्वांचे उठल्यावर लांब बसून, वरून वाढलेले अन्न त्यांनी ओंजळीत घेतले आहे. ह्या महाराष्ट्रात त्या वेगळ्या पंगतीविरुद्ध चळवळी झाल्या. 'समतानंद' म्हणून ओळखले जाणारे पत्रकार व नाटककार अनंत हरि गद्रे ह्यांनी झुणका-भाकरीची सहभोजने भरवली. झुणका-भाकर अशासाठी की, ती गरिबाच्या घरीही होते आणि तिच्यापुढे कोणाला कमीपणा वाटत नाही. आपल्याजवळ नांदेडच्या गुरुद्वारात लंगरमध्ये आपल्यापैकी बरेच जण जेवले असतील. तिथे आपल्या ताटातली पोळी कोणाच्या पिठाची, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही.

ख्रिस्तसभेतही हा प्रश्न सुरुवातीपासून होता. अंत्युखियात संत पेत्र परराष्ट्रीय ख्रिस्ती बांधवांबरोबर जेवत असे. यरुशलेमहून काही लोक आले, तेव्हा त्यांच्या भीतीने तो त्या पंगतीतून बाजूला झाला. पौलाने सर्वांसमोर त्याला त्याबद्दल विचारले (गलतीकरांस पत्र २:११-१४). ज्या पेत्राच्या हाती प्रभूने किल्ल्या दिल्या, त्यालासुद्धा जेवणाच्या पंगतीवरून बोलणी खावी लागली. तेव्हा ही गोष्ट किरकोळ समजू नका. ज्यांच्या पूर्वजांना वेगळे बसवले गेले, त्यांनीच जर आता हुद्दा, पगार, घर किंवा मूळ गाव पाहून कोणाच्या डब्यात हात घालायचा हे ठरवले, तर आपण बाप्तिस्म्यात काय मिळवले?

आता प्रश्न येतो, आणायचे काय आणि किती? संत योहानाच्या सहाव्या अध्यायातील मुलाकडे पाहा. त्याच्याजवळ जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या होत्या. जव हे गव्हापेक्षा स्वस्त धान्य, गरिबाघरचे. आपल्याकडे पोळीच्या मानाने ज्वारीच्या भाकरीला काही जण कमी लेखतात, तसेच. अंद्रियाने त्या भाकरी पाहिल्या आणि एवढ्या लोकांना ह्या कुठे पुरणार, असे म्हटले. आपल्याही तोंडी हेच वाक्य असते : "एवढ्याशाने काय होतंय?" प्रभूने मात्र मुलाला परत पाठवले नाही, आणि त्याला अधिक आणायलाही सांगितले नाही. त्याने त्या भाकरी हातात घेतल्या आणि प्रथम पित्याचे आभार मानले. पाच हजार लोक जेवले. जे उरले तेही त्याने गोळा करायला लावले, काही वाया जाऊ दिले नाही. शुभवर्तमानात त्या मुलाचे नावसुद्धा नाही. त्याने किती आणले हे आपल्याला ठाऊक आहे, पण तो कोणाचा हे ठाऊक नाही. देणगीच्या पाट्या लावण्याची ज्यांना आवड आहे, त्यांनी ह्यावर थोडा विचार करावा.

सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांच्या ह्या जेवणाला 'अगापे' म्हणजे 'प्रीती' असेच नाव होते. इसवी सन १९७च्या सुमारास आफ्रिकेतील तर्तुलियन ह्या लेखकाने त्याचे वर्णन केले आहे : आधी प्रार्थना, मग भुकेपुरते खाणे, नंतर हात धुऊन, दिवे लावून देवाची स्तुतिगीते. किती सुंदर पद्धत! मग ती बंद का पडली? कारणे अनेक होती, पण त्यांत आपलेच वागणे हेही एक होते. कुठे पिणे वाढले, कुठे भपका. चौथ्या शतकात लावदिकिया येथील धर्मपरिषदेने चर्चमध्ये अशी भोजने भरवायला मनाई केली. मिलान शहरात संत अॅम्ब्रोज ह्यांनीही हुतात्म्यांच्या कबरींजवळ अन्न नेण्यास बंदी घातली. संत ऑगस्टिनची आई संत मोनिका सवयीप्रमाणे टोपलीत अन्न, भाकर आणि द्राक्षरस घेऊन गेली, तेव्हा दारावरच्या माणसाने तिला अडवले. ती रागावली नाही, वादही घातला नाही. ऑगस्टिन लिहितो की, त्यानंतर ती तिथे भरलेल्या टोपलीऐवजी प्रार्थनेने भरलेले मन घेऊन जाऊ लागली, आणि जमेल ते गरिबांना देऊ लागली. टोपली हातात नसली तरी ती रिकामी नव्हती, हे आपण लक्षात ठेवावे. आणि हेही लक्षात ठेवावे की, चांगली प्रथा आपल्या वागण्याने हातची जाऊ शकते.

म्हणून पुढच्या सहभोजनासाठी काही गोष्टी आपण सर्वांनी पाळाव्यात, अशी माझी विनंती आहे.

पहिली गोष्ट : आपल्या घरी जे शिजते तेच आणा. आपल्या घरच्या माणसांना पुरेल एवढे आणि वर एक-दोघांना पुरेल एवढे, हे माप पुष्कळ झाले. सहभोजनासाठी उसनवारी करू नका. भाकर-ठेचा, पिठले, अंबाडीची भाजी, वरण, धपाटे, ह्यांतले काहीही मानाचेच आहे.

दुसरी गोष्ट : आणलेले अन्न मिस्सापूर्वी स्वयंपाकाच्या खोलीत द्या. भाकरी-पोळ्या एका परातीत ठेवल्या जातील, भाज्या चर्चच्या पातेल्यांत काढल्या जातील. आपल्या भांड्यावर नाव कोरलेले असते ते भांडे परत मिळावे म्हणून, पदार्थ कोणाचा हे कळावे म्हणून नव्हे. रिकामी भांडी जेवणानंतर घेऊन जावीत. मांसाहार व शाकाहार ह्यांची पातेली आणि पळ्या वेगळ्या राहतील, म्हणजे पाहुणे म्हणून येणाऱ्या शेजाऱ्यांनाही संकोच वाटणार नाही. पवित्र ख्रिस्तशरीर घेण्यापूर्वी एक तास काही खायचे नसते, हे मुलांनाही सांगा.

तिसरी गोष्ट : अन्न ताजे असावे आणि झाकून आणावे. आपल्याकडचा उन्हाळा कडक. दुधा-दह्याचे पदार्थ दोन-तीन तास बाहेर टिकत नाहीत, म्हणून त्या दिवसांत ते टाळा. घरात कोणाला उलट्या-जुलाब होत असतील तर त्या वेळी काही करून आणू नका, पण जेवायला जरूर बोलवा, बरे असलेल्यांना पाठवा.

चौथी गोष्ट : वाढप्याने जे वाढले ते थोडे तरी घ्या. प्रभूने शिष्यांना पाठवताना, तुमच्यापुढे जे वाढतील ते खा, असेच सांगितले होते (लूक १०:८). मधुमेह किंवा पथ्य असेल त्यांनी तसे सांगावे. पण "हे कोणी केलंय?" असे विचारून मग हात आखडता घेऊ नये.

पाचवी गोष्ट : एकमेकांसाठी थांबा. पौलाने शेवटी दिलेली सूचना हीच आहे. फाट्यावरच्या हॉटेलांत काम करणारी आपली मुले दुपारी उशिरा सुटतात. ऊसतोडीहून परतलेली कुटुंबे कधी मिस्सा संपता संपता पोहोचतात. त्यांच्यासाठी अन्न आधी काढून ठेवा. सर्वांचे जेवण होईपर्यंत घरी न्यायला कोणी डबा भरू नये. त्यानंतर जे उरेल ते प्रथम आजारी आणि घराबाहेर पडू न शकणाऱ्या वृद्धांकडे जाईल.

सहावी गोष्ट : भांडी घासणे आणि जागा झाडणे पाळीने होईल, आणि त्यात पुरुषही असतील. "ज्याने काही आणले नाही त्याने भांडी घासावीत," असा हिशेब कोणी मांडू नये. तसे केले तर ती पंगत राहत नाही, मजुरी होते.

आणि ज्यांना आणणे शक्य आहे, पण आळसाने किंवा "बाकीचे आणतातच की" म्हणून जे आणत नाहीत, त्यांचे काय? त्यांनी आपल्या मनाला विचारावे. मी यादी ठेवणार नाही आणि तुम्हीही ठेवू नका. कारण नसलेला आणि न देणारा, दोघेही रिकाम्या हातानेच येतात. त्यांतला कोण कोणता, हे दुरून ओळखता येत नाही. आळशाला पकडायच्या नादात एखाद्या गरीब माउलीची मान आपण खाली घालायला लावली, तर तो दोष आपल्या माथी येईल. एखादा आळशी पोटभर जेवला तर चर्चचे फारसे काही बिघडत नाही. एक घर लाजेने यायचे थांबले, तर ख्रिस्तशरीराचा एक अवयव तुटतो.

वेदीवर आपण एकाच भाकरीचे भागीदार होतो. तिथे कोणाला मोठा तुकडा आणि कोणाला छोटा, असे नसते. वेदीपासून आवारातल्या सतरंजीपर्यंत चार पावलांचे अंतर आहे. तेवढ्या अंतरात आपण बदलू नये, एवढेच प्रभूचे मागणे आहे. ज्या बाईंचे टोपले परत गेले, त्यांच्या घरी ह्या आठवड्यात कोणीतरी जावे आणि त्यांना आग्रहाने बोलवावे. त्यांच्या हातची भाकर आपल्या पंगतीला हवी आहे, हे त्यांना सांगावे.

प्रार्थना करू या : हे प्रभू येशू, तू जवाच्या भाकरी हातात घेतल्यास आणि कोणालाही उपाशी पाठवले नाहीस. आमच्या हातून कोणाची लाज काढली जाऊ नये असे कर. जे आहे ते आनंदाने आणायला, जे वाढले ते आदराने खायला आणि जो उशिरा येतो त्याच्यासाठी थांबायला आम्हाला शिकव. आमेन.