देवाची चूक

बदली होऊन परप्रांतात आलेल्या माणसास तेथील देव लवकर भेटतात. देवांच्या गोष्टी मात्र उशिरा समजतात. भुवनेश्वरच्या सरकारी वसाहतीत मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी सकाळी शेजारच्या दारापुढे तांदळाच्या पिठाने काढलेली कमळे आणि लक्ष्मीची पावले पाहून आमच्या मंडळींस माहेर भेटल्याचा आनंद झाला. आपलेच महालक्ष्मीचे व्रत येथेही आहे! परंतु शेजारच्या आजी पोथी वाचू लागल्या आणि त्यांच्या चिरंजीवांनी आम्हांस तिचा अर्थ सांगितला, तेव्हा ध्यानी आले की महिना तोच, वार तोच, देवताही तीच. कथा मात्र वेगळी आहे.

आपल्या कहाणीतली सुरतचंद्रिका राणी ऐश्वर्याने उन्मत्त होते, म्हातारीच्या वेषात आलेल्या देवीस हाकलून देते आणि दारिद्र्य भोगते. अपराध माणसाचा, शासन देवीचे. ओडिया पोथीत अपराधी आहे तो साक्षात जगन्नाथ.

ही पोथी म्हणजे सोळाव्या शतकातील बलराम दासाचे ‘लक्ष्मीपुराण’. नगर पाहावयास निघालेली लक्ष्मी श्रिया नावाच्या चांडाळ स्त्रीचे सारवलेले, रांगोळीने सजलेले घर पाहून आत जाते. थोरले बंधू बलभद्र हे पाहतात आणि तिला मंदिरात पुन्हा घेऊ नये अशी आज्ञा करतात. जगन्नाथ रदबदली करून पाहतो, पण अखेर भावापुढे मान तुकवतो. लक्ष्मी निघून जाते; मंदिराचे कोठार रिते होते, चुली विझतात. त्रैलोक्याचे ते दोघे स्वामी ब्राह्मणवेषाने बारा वर्षे दारोदार भीक मागतात आणि शेवटी नकळत लक्ष्मीच्याच दारी येतात. हे चांडाळाचे घर आहे असे त्यांस स्पष्ट सांगितले जाते. आधी ते कोरडा शिधा मागतात. पण चूल काही केल्या पेटत नाही. मग त्या घरचे शिजलेले अन्न ते मुकाट्याने जेवतात. लक्ष्मी परतते ती अट घालून: जगन्नाथाचा महाप्रसाद ब्राह्मणाने व चांडाळाने एकत्र घ्यावा.

भक्ताने आपल्या उपास्यास असे अपराधी ठरवावे काय? आमच्या कचेरीतील एका विद्वान स्नेह्यांच्या मते ही सारी लीला आहे. लोकांस शिकविण्यासाठी देव चुकल्याचे सोंग करतो. हे उत्तर सोयीचे आहे, पण आम्हांस ते मानवत नाही. जगन्नाथाची भूक जर सोंग असेल, तर लक्ष्मीचा अपमानही सोंगच ठरतो आणि श्रिया ही नाटकातली एक वस्तू होते. कवीचा तसा हेतू दिसत नाही. त्याने देवास खरोखर उपाशी ठेवले आहे.

आणि त्यात त्याची मोठी समज आहे. राणी चुकली असे ऐकणारा मनात म्हणतो, मी काही तसा नव्हे. देवच चुकला असे ऐकणाऱ्यास ही पळवाट उरत नाही. शिवाय जगन्नाथ दुष्ट नाही. तो भिडस्त आहे. वडीलधाऱ्यांचे मन मोडू नये एवढ्यासाठी तो अन्याय होऊ देतो. कचेरीत आणि घरात असा अन्याय आपण किती वेळा होऊ दिला असेल, याचा हिशेब आमच्यासारख्या कारकुनासही लागत नाही.

अर्थात पोथी वाचल्याने दारे उघडतातच असे नाही. महाप्रसाद पुरीच्या आनंदबाजारात एकत्र खाल्ला जातो खरा. पण १९३८ साली कस्तुरबा त्या मंदिरात दर्शनास गेल्या तेव्हा हरिजनांस आत प्रवेश नव्हता. जवळच डेलांग येथे असलेल्या गांधीजींना हे कळताच ते अत्यंत व्यथित झाले. चांडाळाच्या घरी गेली म्हणून पत्नीस दूर करणारा पती पोथीत आहे. चांडाळास जेथे जाता येत नाही तेथे ती गेली म्हणून व्यथित झालेला पती इतिहासात. चारशे वर्षांची पोथी मधल्या काळात दर मार्गशीर्षात वाचली जातच होती.

त्या सकाळी आमच्या इमारतीचा जिना झाडणारी बाई हातातला झाडू बाजूस ठेवून खालच्या पायरीवर ऐकत बसली होती. वाचता वाचता आजींकडून एक ओळ सुटली, ती तिने तेथूनच म्हणून दाखविली. आजींनी मान डोलावली, ती ओळ वाचली आणि त्या पुढे गेल्या. तिला आत ये असे कोणी म्हणाले नाही. आम्हीही म्हणालो नाही. घर आमचे नव्हे, ही सबब हाताशी होती.

पुढच्या गुरुवारी पूजा आमच्या घरी झाली. आम्ही स्वतः तिला बोलावून आणले, बैठकीत बसविले आणि प्रसादाची खीर आणावयास आत गेलो. आमचा हात सवयीने मोरीजवळच्या फळीकडे गेला, कारण तिची वाटी तेथे निराळी ठेवलेली असते. खीर त्याच वाटीत दिली. तिने ती खाल्ली, कोणी न सांगता वाटी धुतली आणि त्याच फळीवर पालथी घालून ठेवली.