पेच

संक्रांत आली की पातुरात गच्चीगच्चीवर युद्धशास्त्र सुरू होतं. ढील देऊन काटावं की खेच मारून, हा मतभेद जुना. खरं भांडण मांजाचं. काच लावलेला सुती मांजा काही साधू नव्हे, पण तो कापतो तसा कापलाही जातो. जमा आणि नावे, दोन्ही बाजू जुळतात. नायलॉन तुटता तुटत नाही. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ साली त्यावर देशभर बंदी घातली, तरी गल्लीतला पोरगा विचारतोच, "काका, समोरचा नायलॉन आनते, मंग आपुन सुतानं कायले लढाव?"

प्रश्न बिनतोड आहे. जगातली शस्त्रागारं याच प्रश्नावर भरली. दोघांनीही नायलॉन घेतला तर बरोबरी होईल. पण तिची किंमत चुकवणार सायकलवाल्याचा गळा आणि बगळ्याचा पंख. ते तर खेळातच नव्हते! हत्यार दोघांना सारखं असलं म्हणजे न्याय झाला, असं नाही. तिसरा सुखरूप घरी पोचला पाहिजे.

"मंग हाराव का?"

हारावं की! कटलेल्या पतंगामागं पळणाऱ्या पोरांचाही सण असतो. पतंग कटलाच नाही, तर त्यांनी पळावं कशामागं?