आपली वाहिनी म्हणजे कोणाची?

अल्पसंख्य भाषिकांना स्वतःची दूरचित्रवाणी वाहिनी का हवीशी वाटते, हा प्रश्न वरवर पाहता करमणुकीचा दिसतो. तो तेवढाच असता, तर हुबळी-धारवाडच्या मराठी घरांस तक्रारीचे कारण उरले नसते. १५ ऑगस्ट १९९९ रोजी ‘अल्फा मराठी’, म्हणजे आजची ‘झी मराठी’, सुरू झाली. तिच्यामागून इतर वाहिन्या आल्या. नाटके, गाणी, मालिका यांचा येथे तोटा नाही. तरीही काही उणे राहते. मराठी वाहिनीवर पुण्याचा पाऊस पडतो आणि मुंबईची लोकल खोळंबते; धारवाडात पाऊस पडल्याचे मात्र कन्नड वाहिनीकडून कळते. ते आम्हांस उत्तम कळते, कारण कन्नड न येणारा माणूस आमच्यात क्वचितच. तेव्हा अडचण न समजण्याची नाही. आमची भाषा आमच्या गावाविषयी बोलत नाही आणि आमच्या गावाविषयी जे बोलले जाते ते आमच्या भाषेत नसते, ही ती अडचण होय.

आमच्या समाजात भाषांची वाटणी घरातील खोल्यांप्रमाणे झालेली आहे. माजघरात कोंकणी, देवापुढे आरती-भजनास मराठी, बाजारात कन्नड आणि कचेरीत इंग्रजी. ही व्यवस्था कोणी लादलेली नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या सोयीने ती पडत गेली, आणि तिच्यात एक प्रकारची श्रीमंतीही आहे. परंतु ज्या भाषेच्या वाट्याला माजघर किंवा देवघर तेवढे येते, तिच्यापाशी हळूहळू तेवढ्यापुरतेच शब्द उरतात. नातू आजीला ‘जेवलीस का’ हे कोंकणीत विचारतो. पण तिच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया, बँकेचे व्याज, निवडणुकीचा निकाल यांविषयी बोलावयाचे झाले की तो कन्नडकडे नाहीतर इंग्रजीकडे वळतो. त्याचे आपल्या भाषेवर प्रेम नाही असे मुळीच नाही. या गोष्टी कोंकणीत बोलल्या गेलेल्या त्याने कधी ऐकल्याच नाहीत, एवढेच.

कोंकणीचे संकट मराठीहून अधिक बिकट आहे. मराठीमागे निदान एक मोठे राज्य आणि त्याची बाजारपेठ उभी आहे. कोंकणी तर देवनागरी, कन्नड, रोमन, मल्याळम अशा लिपींत विखुरलेली. पणजीस छापलेले देवनागरी पुस्तक मंगळूरच्या ख्रिस्ती वाचकास वाचता येईलच असे नाही, आणि त्याचे कन्नड लिपीतील नियतकालिक गोव्यात बंदच राहते. उच्चाराला मात्र लिपी नसते. कोंकणी माणसे एकमेकांची भाषा वाचू शकली नाहीत तरी ऐकू शकतात. म्हणून या भाषेपुरते तरी नभोवाणी व दूरचित्रवाणी हेच सर्वांस उघडता येईल असे एकमेव पुस्तक आहे. राजमान्यता तिला मिळाली नाही असे नव्हे. १९७५ मध्ये साहित्य अकादमीने तिला स्वतंत्र भाषा मानले, १९८७ मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली, १९९२ मध्ये घटनेच्या आठव्या अनुसूचीत तिचा समावेश झाला. तरी २००१ च्या जनगणनेत कोंकणी मातृभाषा सांगणारे सुमारे २४ लाख ८९ हजार होते, ते २०११ मध्ये सुमारे २२ लाख ५६ हजारांवर आले.

वकिली पेशामुळे आम्हांस येथे वहिवाटीचा कायदा आठवतो. १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमाप्रमाणे दुसऱ्याच्या जमिनीवरून वीस वर्षे निर्वेधपणे, हक्क म्हणून चालत आलेल्या माणसास त्या वाटेचा अधिकार मिळतो. आणि सलग वीस वर्षे वहिवाट थांबली की तो अधिकार लोपतो. वीस वर्षे म्हणजे जवळजवळ एक पिढी. भाषेचेही असेच आहे. राज्यघटनेच्या २९ व्या अनुच्छेदाने आपली भाषा जतन करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकसमूहास दिला आहे. पण पायाखालच्या वाटेवर गवत माजले तर घटना ते उपटावयास येत नाही. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या खटल्यात ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्णय दिला. मालमत्ता सर्वांची असेल तर धाकट्या भावालाही तिच्यात वहिवाट हवी. तो वाटणी मागत नाही, वेगळी चूलही मांडत नाही.

वेगळ्या चुलीचा आरोप मात्र होतोच. कन्नड मित्र विचारतात, येथे राहून तुम्हांला वेगळे काय हवे? या प्रश्नावर रागावण्यापूर्वी आपण धारवाडचा इतिहास आठवावा. हा मुलूख मुंबई इलाख्यात असताना येथील शाळा-कचेऱ्यांत मराठीचे वजन एवढे होते की कन्नड भाषिकांना आपल्याच गावी आपल्या भाषेसाठी संस्था काढावी लागली. २० जुलै १८९० रोजी रा. ह. देशपांडे यांच्या पुढाकाराने स्थापन झालेला कर्नाटक विद्यावर्धक संघ ती हीच. त्यांची मागणी त्या वेळी जर न्याय्य होती, आणि ती होतीच, तर आजची आमची मागणी अन्याय्य ठरत नाही. उलट मराठीच्या ज्या अभिमानी मंडळींनी कोंकणीस वर्षानुवर्षे बोली म्हणून दाराबाहेर उभे केले, त्यांना स्वतःकरिता येथे न्याय मागताना थोडे अडखळल्यासारखे व्हावे. ज्या मापाने आपण घेतो त्याच मापाने द्यावयाचे असते. आणि आपल्या भाषेवरील प्रेम व शेजारच्या भाषेची सेवा यांत विरोध नसतो, याचा दाखला याच गावात आहे. ज्यांच्या घरी मराठी बोलली जाई ते द. रा. बेंद्रे कन्नडचे महाकवी झाले, आणि १९५० साली सुरू झालेल्या धारवाड आकाशवाणीचे ते १९५६ पासून सल्लागारही होते.

परदेशातील एक उदाहरण येथे विस्ताराने सांगण्याजोगे आहे. ब्रिटनमधील वेल्स प्रांतात वेल्श भाषा बोलणारे तेथेच अल्पसंख्य झालेले. त्यांना स्वतंत्र वाहिनी देण्याचे वचन १९७९ च्या निवडणुकीत सत्तेवर आलेल्या पक्षाने दिले आणि त्याच वर्षी मागे घेतले. तेव्हा ग्विनफोर एव्हान्स या वयाची साठी उलटलेल्या पुढाऱ्याने १९८० मध्ये प्राणांतिक उपोषण करण्याचे जाहीर केले. अनेकांनी दूरचित्रवाणीच्या परवान्याची फी भरण्याचे नाकारले. उपोषणाचा दिवस उगवण्यापूर्वीच, सप्टेंबरात, सरकार नमले, आणि १ नोव्हेंबर १९८२ रोजी ‘एस्‌-फोर-सी’ ही वेल्श वाहिनी सुरू झाली. (१ नोव्हेंबर ही तारीख आपल्या राज्यातही भाषेचाच उत्सव आहे, हा निव्वळ योगायोग.) आम्हांस विचार करावयास लावते ती गोष्ट निराळीच. एवढे सायास करून मिळविलेल्या वाहिनीवर त्यांनी काय दाखविले? प्राचीन काव्य आणि मंदिरगीतांचा त्यांचा वारसा मोठा आहे. पण त्यांनी बातम्या दिल्या, रग्बीचे खेळ दाखविले, एका खेड्यातील बऱ्यावाईट माणसांची लांबतच जाणारी मालिका चालविली, आणि मुलांसाठी उडणाऱ्या अस्वलाची चित्रे काढविली. त्या अस्वलाच्या तोंडी वेल्श आली, म्हणजे वेल्श ही लहान मुलाच्या खोड्यांचीही भाषा झाली.

आपल्याकडे ‘आपली वाहिनी’ म्हटले की डोळ्यांपुढे काय उभे राहते? रथोत्सव, पालखी, स्वामीजींचे आशीर्वचन आणि भजन. हे सर्व आम्हांस प्रियच आहे. परंतु ज्या समाजाचे दर्शन फक्त सणावारी घडते तो चित्ररथावरील देखाव्यासारखा होतो. लोक कौतुकाने पाहतात आणि पुढे जातात. शिवाय ही वाहिनी भाषेची की ज्ञातीची? ज्ञातीची असेल तर मंगळूरचा ख्रिस्ती, भटकळचा नवायत, कारवारचा कोळी हे सारे तिच्याबाहेर राहतील, आणि मग कोंकणीच्या नावाने मागितलेली जागा आपण आपल्या ओसरीपुरती वापरली असे होईल. त्यांची कोंकणी कानाला खटकते, असे म्हणणारे आमच्यात आहेत. ती खटकते, कारण ती ऐकण्याची सवय नाही.

वाहिनीला पैसा लागतो, आणि जाहिरातदार माणसे मोजून येतो. तेव्हा ती उद्या निघेल असा आमचा भ्रम नाही. पण २००६ च्या धोरणाने नोंदलेल्या सेवाभावी संस्थांनाही सामुदायिक नभोवाणीची दारे उघडली आहेत. मंगळूरच्या सेंट अलोशियस संस्थेचे ‘सारंग’ केंद्र कोंकणीतूनही बोलते, आणि धारवाडच्या कृषी विद्यापीठाचेही स्वतःचे केंद्र आहे. अशा केंद्रांना स्वतःच्या राजकीय बातम्या देता येत नाहीत. परंतु हवामान, परीक्षांचे निकाल, वीज आणि पाणीपुरवठा यांच्या सूचना देण्यास मनाई नाही. आम्हांस हवे आहे ते नेमके एवढेच. मराठीत ‘उदक’ हा शब्द आता तर्पणापुरता उरला आहे. कोंकणीत आजही नळाला उदकच येते. हुबळीच्या एखाद्या पेठेतल्या घरात सकाळी सहा वाजता यंत्रातून कोणी सांगावे, ‘फाल्यां नळाक उदक येवचें ना’, आणि घरातल्या माणसांनी कुरकुरत घागरी भरून ठेवाव्यात.