दमाचा आकडा

लातूर-नांदेडच्या पोलीस भरती अकॅडम्यांत आता पोरांच्या मनगटावर स्मार्टवॉच दिसू लागलं आहे. पहाटेचा सराव संपला की एकमेकांचा व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं याचा आकडा, विचारला जातो. एकाचा 47, दुसऱ्याचा 44. तेवढ्या फरकावर ‘तुझा दम कमी’ असा शिक्का बसतो आणि घरच्यांनी पोटाला चिमटा काढून पाठवलेलं पोरगं खचतं. तो आकडा निरर्थक नाही. पण दोन पोरांत निवाडा करण्याची त्याची ऐपत नाही.

शरीरक्रियाशास्त्रज्ञ हिल यांनी 1920च्या दशकात धावणाऱ्याचा उच्छ्वास पिशवीत गोळा करून प्राणवायूचा हिशेब मांडला, हे सर्वज्ञात आहे. पुढे 1943 साली हार्वर्डची पायरी चाचणी आली, 1954 साली ऑस्ट्रांड यांची सायकल चाचणी. पिशवी सुटली आणि नाडीवरून अंदाज बांधणं सुरू झालं. इथवर वाद नाही.

वाद आहे तो 1968चा. डॉक्टर केनेथ कूपर यांनी अमेरिकी हवाई दलातल्या 115 जणांना 12 मिनिटं पळवलं आणि अंतराची तुलना प्रयोगशाळेतल्या मापाशी केली. दोन मापं किती सोबतीने चढतात-उतरतात हे सांगणारा सहसंबंध निघाला 0.897, म्हणजे बराच घट्ट. तेव्हापासून ‘मैदानावर दम अचूक मोजता येतो’ याचा पुरावा म्हणून हा आकडा पुढे केला जातो. पण त्या 115 जणांत 17 वर्षांचे तरुण होते तसे 52 वर्षांचे प्रौढही. सडपातळ होते तसे स्थूलही. माणसांत इतकी तफावत असली की कामचलाऊ मापही त्यांना बऱ्यापैकी क्रमाने उभं करतं. त्याच चाचणीला एका अकॅडमीतली विशीची, एकाच मेसमध्ये जेवणारी, एकच सराव करणारी पोरं द्या. मापाची चूक तेवढीच राहते, पोरांमधला फरक मात्र आटतो आणि सहसंबंध घसरतो. विश्वसनीयता एकट्या चाचणीच्या अंगी नसते. ती कुणावर वापरली, यावर ठरते. कूपर यांचा निष्कर्ष त्यांच्या गटापुरता खराच होता. तो उचलून प्रत्येक मुलाच्या माथी मारणं ही आपली चूक.

ब्लँड आणि ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी 1986 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात सहसंबंधावर न थांबता नेमका प्रश्न विचारला: एकाच माणसावर दोन पद्धती वापरल्या, तर उत्तरांत अंतर किती पडतं? तो लेख जगभर गाजला, तरी आपल्याकडे शारीरिक शिक्षणाच्या कितीतरी प्रबंधांत आजही सहसंबंधाचा गुणक लिहिला की विश्वसनीयतेचं प्रकरण संपतं.

मनगटावरचं घड्याळ तर प्राणवायू मोजतच नाही. ते वेग आणि नाडी पाहून अंदाज बांधतं. मे महिन्यात मराठवाड्यात पारा चाळिशीपार जातो. अंग थंड ठेवायला रक्त त्वचेकडे वळतं, घामाने शरीरातलं पाणी घटतं आणि त्याच वेगाला नाडी जास्त पडते. हृदय-फुप्फुसं कालचीच असतात, आकडा मात्र उतरू शकतो. कमी झोप, अंगातला ताप यांनीही तेच होतं. कमाल नाडीचा अंदाज बांधायला वापरलं जाणारं ‘220 वजा वय’ हे सूत्रही 1971 साली विखुरलेल्या आकड्यांतून अंदाजाने ओढलेल्या रेषेवर उभं आहे. विशीच्या मुलाची कमाल नाडी ते 200 सांगतं. प्रत्यक्षात ती दहा-बारा ठोके इकडेतिकडे असणं अगदी सर्वसाधारण आहे.

अकॅडमी चालवणाऱ्या सरांना माझी कळकळीची विनंती आहे. भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर पळायचं असतं, तेव्हा तेच अंतर स्टॉपवॉचवर मोजा. एकाच मुलाची वेळ आठवड्यात दोनदा घ्या: तीच वेळ, तेच मैदान, तेच बूट. दोन नोंदींत जेवढा फरक पडेल, त्याहून कमी सुधारणेला सुधारणा म्हणू नका, आणि त्याहून कमी घसरणीसाठी कुणाला घरी पाठवू नका. मात्र पळताना एखाद्याला छातीत दुखलं किंवा भोवळ आली, तर घड्याळात काहीही दिसो, त्याला तिथेच थांबवा आणि डॉक्टरांकडे न्या.