देहाची दुरुस्ती आणि निर्मितीतील बदल

मशिदीच्या इमामाकडे येणारे प्रश्न काळाबरोबर बदलतात. वारसा, तलाक, व्याज, जकात हे विषय आजही येतातच. पण अलीकडे भगिनींकडून, बहुधा घरातील स्त्रीच्या मार्फत, एक निराळा प्रश्न येऊ लागला आहे. बाळंतपणानंतर किंवा वजन घटल्यावर ओघळलेले स्तन शस्त्रक्रियेने पुन्हा उंचावून घेणे शरीअतमध्ये जायज आहे काय? जालन्याहून तासा-दीड तासाच्या अंतरावर औरंगाबादला प्लास्टिक सर्जन आहेत, जाहिराती तर थेट हातातल्या मोबाईलवर येतात. आणि प्रश्न मात्र लाजेपोटी अर्धाच विचारला जातो. अन्सार स्त्रिया लज्जाशील होत्या, तरी धर्माची समज मिळवताना त्यांनी लाजेला आड येऊ दिले नाही, म्हणून हजरत आयशा (र.) यांनी त्यांची प्रशंसा केली आहे. त्या आदर्शाला स्मरून येथे आडपडदा न ठेवता लिहीत आहे.

आधी ही शस्त्रक्रिया म्हणजे काय, ते नीट समजून घेतले पाहिजे. वस्तूचे स्वरूप कळल्याशिवाय तिच्यावरील हुकूम सांगता येत नाही. हिला डॉक्टर 'मास्टोपेक्सी' म्हणतात. रुग्णाला पूर्ण भूल देऊन जादा झालेली त्वचा कापून काढतात, आतील ऊतींना नवा आकार देतात आणि स्तनाग्र वरच्या जागी बसवतात. स्तनाचा आकारमान त्यामुळे फारसा वाढत नाही. सूज उतरायला आणि आकार स्थिरावायला काही महिने लागतात. काही आठवडे जड वस्तू उचलता येत नाही, म्हणजे कडेवरचे मूलही नाही. व्रण वर्षभरात फिके होतात, पण जन्मभर राहतात. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते, पुढे बाळाला पाजताना अडचण येऊ शकते. शिवाय पुन्हा गर्भ राहिला, वजन वर-खाली झाले किंवा नुसते वय वाढले, तरी ओघळणे पुन्हा सुरू होते. म्हणूनच अजून अपत्य हवे असलेल्या स्त्रीला चांगले डॉक्टर स्वतःच थांबायला सांगतात. जाहिरातीत यातले बरेचसे नसते.

एक गैरसमजही येथेच दूर केला पाहिजे. अंगावर पाजल्याने बांधा बिघडतो, असे आपल्याकडे सासुरवाडीपासून माहेरापर्यंत सगळे मानतात, आणि काही तरुण माता त्या धास्तीने डब्याच्या दुधाकडे वळतात. वैद्यकीय अभ्यासांत मात्र कारणे वेगळी आढळली आहेत: गर्भारपणांची संख्या, वय, वजनातील चढउतार, धूम्रपान. पाजणे हे त्यांत नाही. कुरआनने मातेला दोन वर्षांपर्यंत दूध पाजण्याचा मार्ग दाखवला आहे. त्या हक्कापासून बाळाला एका अफवेपायी वंचित ठेवू नये.

आता मूळ प्रश्न. सूरह निसामध्ये सैतानाची प्रतिज्ञा आली आहे की, तो माणसांना अल्लाहच्या निर्मितीत फेरफार करायला लावील. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (र.) यांच्या हदीसमध्ये गोंदवून घेणाऱ्या आणि सौंदर्यासाठी दातांमध्ये फटी पाडून घेणाऱ्या स्त्रियांचा निषेध आहे. एवढे वाचून अनेक जण प्रश्न मिटला असे समजतात. परंतु याच प्रेषितांनी (स.) हजरत अर्फजा (र.) यांना काय सांगितले, तेही पाहिले पाहिजे. कुलाबच्या लढाईत त्यांचे नाक गेले होते. त्यांनी चांदीचे नाक बसवले, त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सोन्याचे नाक बसवून घ्यायला सांगितले. सोने पुरुषाला एरवी निषिद्ध! चेहऱ्याची गेलेली शोभा परत मिळवण्यासाठी ती बंदी बाजूला सारली गेली. यावरून दिसते की, बिघडलेले पूर्ववत करणे हा निर्मितीतील फेरफार नव्हे.

योगायोग असा की, प्लास्टिक सर्जरीच्या आधुनिक इतिहासातही आपल्या महाराष्ट्राचे नाव नाकामुळेच आले. इंग्रजी फौजेचा गाडीवान कावसजी १७९२ च्या युद्धात टिपू सुलतानच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्याजवळ विटा घडवणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाची त्वचा खाली वळवून नवे नाक केले. १७९४ मध्ये ही हकीकत लंडनच्या एका मासिकात छापून आली आणि युरोपातील शल्यवैद्यांनी ती विद्या उचलली. त्याआधी सुमारे आठशे वर्षे कुर्तुबाच्या अल-जहरावी यांनी 'अत्-तसरीफ' या ग्रंथात पुरुषांच्या वाढलेल्या छातीवरील शस्त्रक्रिया वर्णिली होती. आपल्याच काळात मूळचे पंढरपूरचे डॉ. शरदकुमार दीक्षित अमेरिकेतून दरवर्षी येऊन फाटलेल्या ओठांच्या मुलांवर मोफत शस्त्रक्रिया करीत. २००१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या मुलांच्या ओठावरील टाक्यांना कोणता मुफ्ती हराम म्हणेल?

२००७ मध्ये मलेशियातील पुत्राजाया येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने या विषयावर ठराव केला. जन्मजात किंवा नंतर आलेले व्यंग, ज्याने शारीरिक वा मानसिक त्रास होतो, ते दूर करणे जायज. केवळ हौसेसाठी, दुसऱ्यासारखे दिसण्यासाठी निरोगी देहात बदल करणे नाजायज, असा त्याचा आशय आहे. गंमत म्हणजे आपल्याकडील आरोग्यविमाही जवळपास हीच रेघ ओढतो: अपघात, भाजणे, कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेचा खर्च मिळू शकतो, नुसत्या सौंदर्याचा नाही.

गाठ बसते ती 'मानसिक त्रास' या शब्दांपाशी. तो कोणी ठरवायचा? आणि तो आला कुठून? सूरह लुकमानमध्ये माता अशक्ततेवर अशक्तता सोसून मूल वाहते, असे सांगितले आहे. हा उतार त्याच वाहण्याची खूण आहे, रोग नव्हे. प्रेषितांनी (स.) उपचार करण्याची आज्ञा दिली, प्रत्येक आजारावर औषध असल्याचे सांगितले, आणि एकच अपवाद केला, वार्धक्याचा. वयाने आणि मातृत्वाने होणारा स्वाभाविक बदल मला या अपवादाच्या बाजूला पडलेला दिसतो. त्यात छातीचा भाग सत्राचा. तो परक्या डॉक्टरापुढे उघडण्याची मुभा गरजेपुरती आहे, आणि गरज नसेल तर ती मुभाही उरत नाही.

एका भगिनीचा निरोप असा होता की, नवरा मोबाईलवर काय काय पाहतो आणि मग तिला टोमणे मारतो. शस्त्रक्रिया केली तर संसार टिकेल, असे तिला वाटते. तिचा त्रास खरा आहे, पण सुरी चुकीच्या माणसावर चालणार आहे. सूरह नूरमध्ये दृष्टी खाली ठेवण्याचा हुकूम आधी पुरुषांना आहे. पत्नीतील एखादी गोष्ट नावडली, तरी तिच्यात अल्लाहने पुष्कळ भलाई ठेवलेली असू शकते, असे कुरआन पतीला सांगते. त्या नवऱ्याला मशिदीत बोलावून बसवणे हे माझे काम आहे, सर्जनचे नव्हे. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड मजूर स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचे २०१९ मध्ये उघड झाले, शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. तेथे कारण कामाचा खाडा होते, येथे नवऱ्याची नजर. स्त्रीचा देह दुसऱ्याच्या सोयीने कापण्याची रीत मात्र तीच.

तथापि सगळ्या प्रकरणांना एकाच मापाने मोजू नये. अतिभारामुळे पाठ व मान दुखते, खांद्यावर पट्ट्यांचे वळ पडतात, घडीत घामाने कातडी चिघळते, अशा स्त्रीने आकार कमी करून घेणे हा सरळ उपचार आहे. जन्मतः दोन्ही बाजूंत ठळक तफावत असलेली, त्यापायी लग्नाच्या बोलण्यांना घाबरणारी मुलगी ही अर्फजा (र.) यांच्या नाकाच्या बाजूची आहे, असे माझे मत. शक्य तेथे स्त्री सर्जन शोधावी, कर्ज व्याजाने काढू नये.

आणि कर्करोगात स्तन काढावा लागलेली भगिनी? तिला 'नशिबात होते, आता सजून काय करायचे' असे घरचेच ऐकवतात, आणि वर शरीअतचे नाव घेतात. शरीअतने असे कुठेही म्हटलेले नाही. तिला पुनर्रचना करून घ्यायची असेल तर ती जायज आहे, त्यासाठी दुसऱ्या बाजूचा आकार जुळवून घ्यावा लागला तर तेही त्याच दुरुस्तीत येते. तिला नको असेल, ती आहे तशीच राहू इच्छित असेल, तर त्याचा निर्णयही घरच्या बैठकीने नव्हे, तिने घ्यायचा आहे.