झांकलेली मूठ

गेल्या दिवाळीच्या सुटींत पांढरकवड्यास आमचा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. कापसाच्या संबंधानें एखादा लहानसा धंदा काढावा असा त्याचा बेत होता. तो सांगण्यापूर्वीं त्यानें दार लोटून घेतलें आणि म्हणाला, "सर, हें आपल्या दोघांतच राहूं द्या." बेत चांगला होता, तो येथें उघड करण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु त्या लोटलेल्या दारानें आम्हांस विचारांत पाडलें. धंद्याची कल्पना चार जणांस सांगावी, कीं मूठ झांकलेलीच ठेवावी?

झांकण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. गांवचा वैदू मुळीचें नांव सांगत नसे. सांगितल्यास गुण जातो असा समज होता. गुण जात नसे, गिऱ्हाईक जात असे, एवढेंच! आणि असे कितीएक पाले त्या वैदूंबरोबरच चितेवर गेले असतील. तथापि भीति अगदींच निराधार आहे असें मात्र कोणीं म्हणूं नये. पेठेंत एखादें नवें दुकान चाललें कीं पुढच्या दिवाळीपर्यंत त्याच्या शेजारीं तशींच तीन उभीं राहतात.

उघड्या मुठीचें उदाहरण शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यांतच आहे. नागभीड तालुक्यांतील नांदेड गांवचे दादाजी खोब्रागडे हे थोडक्या शेतीचे व थोडक्या शिक्षणाचे गृहस्थ. १९८३ सालीं आपल्या भातांत त्यांस कांहीं लोंब्या निराळ्या दिसल्या. त्या वेगळ्या काढून त्यांनीं पुढील हंगामांत पेरल्या, पुन्हां निवडल्या, पुन्हां पेरल्या. बारीक दाण्याचा, भरघोस पिकणारा वाण हातीं आला. तो त्यांनीं लपविला नाहीं. जो मागेल त्यास बियाणें दिलें. त्या वेळीं लोकप्रिय असलेल्या घड्याळाचें 'एच. एम. टी.' हें नांव त्यास पडलें, आणि तो तांदूळ विदर्भाची सीमा ओलांडून गेला. पुढें कृषि विद्यापीठानें त्याच नांवाशीं आपलें नांव जोडून एक वाण प्रसृत केला. आपल्या कष्टाचें श्रेय मिळालें नाहीं, ही खंत दादाजींस अखेरपर्यंत होती. २००५ मध्यें राष्ट्रपतींच्या हस्तें पुरस्कार मिळाला. जून २०१८ मध्यें ते वारले, तेव्हां त्यांच्या घरीं समृद्धि नव्हती.

येथें दादाजींचें नेमकें काय गेलें? बियाणें गेलें नाहीं. दिल्यानें तें वाढलेंच. गेलें तें नांव, आणि नांवाबरोबर येणारा वांटा. २००१ च्या कायद्यानें शेतकऱ्यास स्वतःचा वाण आपल्या नांवें नोंदविण्याची सोय झाली खरी. पण तोंवर एच. एम. टी. गांवोगांवीं पोंचला होता. धंद्याच्या नुसत्या युक्तीस तर आपल्या पेटंटच्या कायद्यांत थाराच नाहीं.

महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्या आमच्यासारख्यानें औदार्याचा उपदेश करणें सोपें आहे, हें आम्ही जाणतों. शिवाय आम्हीही कांहीं संत नव्हे. एकदां आमचीं टिपणें दुसऱ्याच्या नांवें छापलेल्या मार्गदर्शिकेंत आम्हांस आढळलीं. एका पैचें नुकसान झालें नव्हतें. विद्यार्थ्यांचा तर फायदाच झाला असेल. तरी पंधरा दिवस आमचा राग गेला नाहीं. तेव्हांपासून आम्हांस वाटतें कीं, हा प्रश्न आपण चुकीच्या माणसास विचारतों. 'सांगावें काय?' असें देणाऱ्यास सगळेच विचारतात. 'ऐकल्यावर तुझ्यावर काय ऋण आलें?' असें घेणाऱ्यास कोणी विचारीत नाहीं.

विद्यार्थ्यास आम्ही इतकेंच म्हणालों, "आमच्याजवळ गुपित सुरक्षित राहील, पण आम्हांस कापसांतलें काय कळतें? जिनिंगमध्यें ज्याचा जन्म गेला अशा कोणास तरी दाखव." नाखुशीनें तो एका वृद्ध गृहस्थाकडे गेला. त्यांनीं दहा मिनिटांत हिशेबांतील मोठी चूक काढून दिली. परवां तो पुन्हां आला होता. धंद्यांत त्या गृहस्थांची भागी ठेवावी काय, असें त्यानें विचारलें. दार या खेपेस त्यानें लोटलें नव्हतें. आम्ही म्हणालों, "तें त्यांनाच जाऊन विचार."