निघा म्हणायला काय जातं?

भूकंप सांगून येत नाही. वादळ सांगून येतं. चार-पाच दिवस आधी त्याचा पत्ता लागतो. त्याचं बारसं होतं, नकाशावर त्याच्या वाटेची रेघ ओढली जाते, बंदरावर बावटा चढतो. रेडिओ सांगतो, टीव्ही सांगतो, आता तर खिशातला मोबाईल सांगतो. आणि तरी माणसं मरतात. ती का मरतात, आणि मेल्यावर त्या मरणाचा जाब कुणाला विचारायचा, एवढाच माझ्यापुढचा प्रश्न आहे.

तुळजापूरच्या माणसाला समुद्राचं काय पडलंय, असं कुणी म्हणेल. खरं आहे. आमचं गाव बालाघाटाच्या डोंगरावर. समुद्र इथून तीनशे किलोमीटरच्या पलीकडं. आमच्याकडं दुष्काळात पाणी येतं ते टँकरनं, लाटेनं नाही. पण पोट घेऊन मुंबई-पनवेलकडं गेलेली आमची माणसं मोजायला बसलात तर बोटं पुरायची नाहीत. आणि दुसरं, मरण वाटताना ही व्यवस्था काय हिशेब लावते, ते आमच्या जिल्ह्यानं एकदा फार जवळून बघितलंय.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र संपत आली होती, पहाटेचे चार वाजायला आले होते. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं जमिनीला टेकली. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. माझा जन्म त्यानंतरचा, पण आमच्याकडं लहान पोराला वय सांगताना भूकंपाच्या आधीचा की नंतरचा, असंच सांगतात. त्या रात्री धरणीनं जात विचारली नाही. उलट, जाडजूड दगडमातीचे वाडे आणि माळवदं ज्यांच्या डोक्यावर होती ते जास्त दबले. कुडाच्या खोपटात झोपलेला गरीब कुठं कुठं वाचलासुद्धा. तेव्हा लोक म्हणाले, बघा, निसर्गापुढं सगळे सारखे. पण पुढं काय झालं? सरकारनं नवी गावं बसवली. त्यात जमीन नसलेल्याला घर मिळालं २५० चौरस फुटांचं आणि मोठ्या जमीनवाल्याला ७५० चौरस फुटांचं. सगळं जमीनदोस्त झालं होतं, सगळं नव्यानं मांडायचं होतं, आणि नव्यानं मांडताना जुनीच उतरंड फुटपट्टी लावून मांडली. हे धरणीनं केलं नाही. हे कागदावर बसून माणसांनी केलं.

आता वादळाकडं येतो. १७ मे २०२१. अरबी समुद्रातून तौक्ते नावाचं वादळ वर सरकत होतं. मुंबईत लोक लाटा बघत होते. गेटवेपाशी उसळणाऱ्या पाण्याची चित्रं मोबाईलवर फिरत होती. वा काय लाट, काय वारा! आणि त्याच वेळी मुंबईपासून आत, तेलाच्या विहिरींच्या भागात, पी-३०५ नावाच्या बार्जवर २६१ माणसं होती. ओएनजीसीच्या कामावरची, पण ओएनजीसीची नव्हेत. कंत्राटाची. वेल्डर, फिटर, रिगर, स्वयंपाकी. बार्ज म्हंजे काय ते सांगतो, कारण मलाही आधी ठाऊक नव्हतं. ती तरंगती चाळ असते. दिवसा माणसं विहिरीच्या प्लॅटफॉर्मवर कामाला जातात, रात्री तिच्यावर झोपतात. तिला स्वतःचं इंजिन नसतं. ती स्वतः कुठं जाऊ शकत नाही. दुसऱ्या बोटीनं ओढली तर हलते.

इशारा तर होता. बऱ्याच नौका सुरक्षित जागी गेल्या. ही बार्ज प्लॅटफॉर्मपासून थोडी लांब नेऊन नांगर टाकून तिथंच ठेवली. वादळात नांगर तुटले, ती वाहत गेली, प्लॅटफॉर्मला धडकली, भोक पडलं, आणि संध्याकाळी बुडाली. माणसांनी अंधारात, खवळलेल्या पाण्यात उड्या घेतल्या. नौदलाची आयएनएस कोची आणि इतर जहाजं धावली, म्हणून १८६ वाचली. त्याच वादळात वरप्रदा ही टगबोट बुडाली, तिच्यावरच्या १३ पैकी दोघं वाचले. दोन्ही मिळून ८६ माणसं गेली.

मग जाब. पहिला गुन्हा बार्जच्या कप्तानावर दाखल झाला, आणि तो तर समुद्रातच गेला होता. पुढं कंपनीच्या माणसांना अटकही झाली. कप्तानाची चूक नव्हती असं मी म्हणत नाही, ते कोर्टानं ठरवावं. मला दुसरंच काही तरी टोचतं. त्या २६१ जणांतल्या वेल्डरला इशारा मिळाला असता, अगदी त्याच्या हातात कागद दिला असता, तरी त्यानं काय केलं असतं? चारही बाजूला समुद्र, पायाखाली बिनइंजिनाची चाळ.

ही बातमी आली तेव्हा मी सूतगिरणीत बदलीवर होतो. चहाच्या सुट्टीत आमच्या पाळीतला एक जुना कामगार म्हणाला, ‘सांगितलं व्हतं न्हवं त्यास्नी? मग कशापायी ऱ्हायले? पैशाचा मोह, दुसरं काय!’ मी त्याला म्हटलं, ‘मामा, डॉक्टरनं तुम्हाला छातीचा फोटो काढून सांगितलं न्हाई का, कापसाची भुकटी सोडा म्हणून? तुम्ही कशापायी ऱ्हायलाव?’ मामा हसले. म्हणाले, ‘माझं येगळं हाय.’

दोस्तांनो, प्रत्येकाचं ‘येगळंच’ असतं. दुसऱ्याचं राहणं हा मोह असतो, आपलं राहणं ही लाचारी असते. एक खाडा पडला तर रोज जातो, चार खाडे पडले तर जागा जाते, आणि फाटकाबाहेर बदलीवाले उभेच असतात. ज्याला हे ठाऊक आहे तोच गिरणीच्या ओसरीत बसून समुद्रावरच्या मजुराला लोभी ठरवतो. मालकाचे विचार मजुराच्या तोंडात असे येऊन बसतात.

ही गोष्ट नवी नाही. १ नोव्हेंबर १७५५ ला पोर्तुगालच्या लिस्बन शहरात भूकंप झाला आणि मागून समुद्र आत आला. तिथले धर्ममार्तंड म्हणाले, पापाची शिक्षा. व्होल्तेर नावाचा मोठा लेखक देवावर चिडला. पण रूसो म्हणून एक होता, घड्याळजीचा पोरगा, त्यानं पुढच्या वर्षी व्होल्तेरला पत्र लिहून विचारलं की तिथं सहा-सात मजल्यांची वीस हजार घरं काय निसर्गानं बांधली होती? शिवाय त्यानं लिहिलं की कोणी कपडे घ्यायला, कोणी कागदपत्रं घ्यायला, कोणी पैसे घ्यायला थांबला आणि गेला. मला हे वाचून थांबावं लागलं. कागदपत्रं! आपल्या वस्तीतली बाई पुराचं पाणी दारात आलं तरी पत्र्याच्या पेटीतलं रेशनकार्ड आणि जातीचा दाखला काढायला मागं फिरेल. तिला बेअक्कल म्हणायचं? त्या कागदावाचून ती माणूस म्हणून मोजली जात नाही, हे तिला पुरतं ठाऊक आहे.

अमेरिकेत २००५ साली असंच झालं. काट्रिना वादळ येतंय म्हणून न्यू ऑर्लिन्स शहराला २८ ऑगस्टला हुकूम निघाला, शहर सोडा. ज्यांच्याकडे मोटारी होत्या ते गेले. लाखभर लोकांकडे मोटार नव्हती. त्यांत बहुतेक काळे आणि गरीब. त्यातून महिन्याची अखेर, पगार-पेन्शनचे पैसे संपलेले. ती माणसं घरांच्या छपरांवर दिसली, सगळ्या जगानं बघितली. आणि मदतीच्या सरकारी खात्याचा प्रमुख बोलला काय, तर मेलेल्यांतल्या बऱ्याच जणांनी हुकूम पाळला नाही! आपल्याकडच्या ‘सांगितलं होतं’ची ही थेट इंग्रजी आवृत्ती.

‘सांगितलं होतं’ हे फार सोयीचं वाक्य आहे. सांगणाऱ्याचे हात त्यात धुऊन निघतात. दार उघडून दिलं नाही, गाडी दिली नाही, बुडालेला रोज दिला नाही, जायची जागा दाखवली नाही. पण सांगितलं होतं. मरणारा आपल्याच हट्टानं मेला.

जाण्याची जागा दिली की काय होतं ते ओडिशानं दाखवलंय. १९९९ च्या ऑक्टोबरात तिथं महाचक्रीवादळ आलं, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. मग त्यांनी किनाऱ्यावर उंच खांबांवर निवारे बांधले, गावागावात माणसं तयार केली. २०१३ च्या ऑक्टोबरात फायलिन आलं तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोक हलवले. मेलेले पन्नासच्या आत. समुद्र तोच, आणि लोकही गरीबच.

अर्थात निवारा आहे म्हणजे तो आपल्यालाही आहे, असं समजण्याचा भाबडेपणा आपण करू नये. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली तेव्हा तमिळनाडूत नागपट्टिणमकडं छावण्यांतून दलितांना वेगळं काढलं, पाण्याच्या टाकीला हात लावू दिला नाही, आणि आपल्या लोकांना दुसऱ्यांची प्रेतं उचलायला मात्र पुढं केलं. हे लिहून ठेवलेलं आहे, ऐकीव नाही. आणि कोकणात ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला चढलं, तेव्हा माणसं वेळेत हलवली म्हणून जीव थोडे गेले, हे कबूल करायला पाहिजे. पण नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. बागेची भरपाई सातबारावर ज्याचं नाव त्याला. झाडावर चढून नारळ उतरवणाऱ्याचं नाव कोणत्या उताऱ्यावर असतं? पोफळ लावली की फळ धरायला वर्षानुवर्षं जातात. तेवढी वर्षं तो काय उतरवणार?

आता दैवाची भानगड. आपल्या वस्त्यांत अजून म्हणतात, ‘नशिबात हुतं.’ दीक्षा घेतलेल्या घरातही म्हणतात. त्यांच्यासाठी सांगतो. राजगृहाला मोलिय सीवक नावाच्या परिव्राजकानं बुद्धाला विचारलं की माणूस जे सुखदुःख भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळं, असं काही लोक म्हणतात, ते खरं का? बुद्धानं सरळ सांगितलं, नाही. पित्त, कफ, वात, तिन्हींचा मेळ, ऋतूचा बदल, आपलं वेडंवाकडं वागणं, बाहेरून झालेला आघात, अशी कारणं त्यानं मोजून दाखवली. कर्माचा नंबर त्या आठांत एक, तोही शेवटचा. बाबासाहेबांनी तर आपल्या धम्मग्रंथात मागच्या जन्माच्या कर्माची ही कल्पनाच बाजूला सारली, कारण ती गरिबाला त्याच्या गरिबीबद्दल दोषी ठरवते. समुद्राचं पाणी तापतं, त्यावरची दमट हवा वर चढते, खाली दाब उतरतो, पृथ्वी फिरते म्हणून वारा गरगरतो. वादळ हे असं आहे. त्याच्या वाटेत कुणाला बांधून ठेवलंय, ही पुढची गोष्ट आणि ती आपल्या राजकारणाची.

इथवर आलो की कार्यकर्ते मित्र खूष होतात. म्हणतात, झालं, सगळा दोष व्यवस्थेचा. इथंच मला अडचण आहे. कारण ‘निघा’ हा हुकूम आपल्याला सगळ्यात मोठ्यानं दिला तो बाबासाहेबांनीच. मेलेली ढोरं ओढायचं सोडा, शिळे तुकडे मागायचं सोडा, गावकी सोडा, शहराकडं चला, आणि शेवटी धर्मच सोडा. वतनाच्या बलुत्याला चिकटून बसलेल्यांना ते फार कडक बोलले. मग तेही ‘सांगितलं होतं’वाले झाले का?

नाही झाले. मी यावर रात्रपाळीला पुष्कळ विचार केलाय. येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ ला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, आणि नागपूरला दीक्षा दिली ती १४ ऑक्टोबर १९५६ ला. मधे एकवीस वर्षं. लोक म्हणतात एवढा उशीर का? अहो, तो माणूस जायची जागा धुंडत होता. लाखो माणसांना घरातून बाहेर काढायचं आणि उघड्यावर उभं करायचं, हे त्याला करायचं नव्हतं. शहराकडं चला म्हटलं, तर मुंबईत १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज उभं केलं, आमच्या मराठवाड्यासाठी १९५० ला औरंगाबादेत कॉलेज काढलं. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात होते तेव्हा, १९४५ ला, कटकला जाऊन ओडिशाच्या पुरांबद्दल बोलले. तिथंही लोकांना नुसतं पळा म्हटलं नाही. जास्तीचं पाणी हा शाप नव्हे, ते धरा, साठवा, कामाला लावा, असं मांडलं.

म्हणून मी असं धरून चाललोय की रागावण्याचा अधिकार सगळ्यांना नसतो. जो आपल्याच बोटीत बसलाय, ज्यानं आधी वाट खणली, त्यानं ‘अरे निघ की’ म्हणून कानाखाली वाजवली तरी ती सहन करावी. पण जो कोरड्या गॅलरीतून लाटांचे फोटो काढतोय त्यानं हेच म्हटलं तर ते निर्लज्जपण आहे. दोघांचे शब्द एकच असतात, म्हणून आपली पोरं फसतात. आणि कार्यकर्त्यानं वस्तीत जाऊन दारू सोडा, देव सोडा, शिका, म्हणून भाषण ठोकण्याआधी आपण यातल्या कुठल्या जागेवरून बोलतोय ते पाहावं. मी स्वतः अशी भाषणं ऐकलीत की ज्यांच्यानंतर बाया एकमेकींकडं बघून गप उठून गेल्या.

वतनाचंच बघा. वतन सोडा हे बाबासाहेब नुसतं म्हणाले नाहीत. त्यासाठी १९२८ ला मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्यांनी बिल मांडलं. ते पुढं गेलं नाही. वतन कायद्यानं गेलं ते १९५८ ला, तीस वर्षांनी, आणि तेव्हा बाबासाहेब नव्हते. तोवर आमचे आजे-पणजे पाटलाच्या दारात काठी घेऊन उभे होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं असं नाही.